शिबिरासाठी गोल युकुलेले : घ्यावे, पण पारखून



दिवाळीच्या सुटीनंतरच्या निवासी शिबिरासाठी आणि संगीताच्या तासासाठी शाळेने लहान, गोल आकाराची युकुलेले घ्यावीत, अशी सूचना मागच्या पालक सभेत आली. सूचनेबरोबर तीन मतेही आली. काही पालकांचे म्हणणे, "गिटारपेक्षा स्वस्त आहे, दिसायलाही गोजिरवाणे आहे, ज्याने त्याने आपल्या मुलाला घेऊन द्यावे." विश्वस्त मंडळातील काहींनी विचारले, "पेटी-तबला असताना हे परदेशी खूळ कशाला?" आणि आठवी-नववीच्या मुलांचे एकच पालुपद, "घ्यायचेच तर गिटार घ्या!"

विषय छोटा वाटतो, पण तसा तो नाही. यात पालकांचा पैसा आहे. शिवाय वर्गातल्या कोणत्या मुलाला वाद्याला हात लावायला मिळणार आणि कोण नुसते बघत बसणार, हेही यावरच ठरणार आहे. म्हणून या अंकात आम्ही आमचे मत सविस्तर मांडत आहोत. थोडक्यात सांगायचे तर, युकुलेले जरूर घ्यावे. मात्र ते शाळेने घ्यावे, पालकांवर सोपवू नये. आणि केवळ गोल आहे म्हणून घेऊ नये.

हे वाद्य आले कुठून?

युकुलेले हवाई बेटांचे म्हणून ओळखले जाते. पण त्याचे आजोळ पोर्तुगालचे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज होनोलुलूच्या बंदराला लागले. पोर्तुगालच्या ताब्यातील माडेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी आलेली कुटुंबे त्यात होती. मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकामाचे कारागीर त्यांच्यातलेच. माडेरात 'माशेते' नावाचे चार तारांचे छोटे वाद्य वाजवीत. या कारागिरांनी ते हवाईच्या कोआ लाकडात बनवायला घेतले, आणि त्यातून युकुलेले घडले. हवाईचा राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात मान दिला. 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी. वाजवणाऱ्याची बोटे तारांवरून पिसवांसारखी टणाटण उडतात म्हणून हे नाव पडले, असे सांगतात.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तिथे हवाईच्या दालनातले संगीत ऐकून अमेरिकेला या वाद्याचे वेड लागले. मग निरनिराळे आकार निघाले. शिकागोच्या लायन अँड हीली कंपनीने १९२० च्या दशकात 'कॅम्प यूक' नावाचे लहानसे, गोल पोटाचे युकुलेले काढले. नावातच त्याचा हेतू आहे: सहलीला, छावणीला, शिबिराला नेण्याचे वाद्य. त्याच काळात बँजोसारखे ताणलेले कातडे लावलेली गोल युकुलेलेही खपू लागली. होनोलुलूत १९१६ मध्ये सुरू झालेल्या कामाका कारखान्याने कंबर नसलेले, अननसाच्या आकाराचे युकुलेले काढले. १९४९ मध्ये मारियो माकाफेरी यांनी प्लॅस्टिकचे युकुलेले बाजारात आणून ते सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल असे केले.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण कॅनडातले आहे. १९६७ मध्ये जे. चाल्मर्स डोन हे हॅलिफॅक्स शहरातील शाळांच्या संगीतशिक्षणाचे प्रमुख झाले. त्यांनी वर्गावर्गांतून युकुलेले शिकवायला सुरुवात केली आणि शाळांसाठी चक्क त्रिकोणी युकुलेले बनवून घेतले. सरळ कडांची पेटी बनवायला सोपी, म्हणून स्वस्त. त्यांच्या पद्धतीने पुढे कॅनडातली असंख्य मुले स्वरलेखन वाचायला आणि एकत्र गायला शिकली.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की युकुलेलेचा आकार ही काही देवाची आज्ञा नाही. कंबर असलेले, गोल, अननसासारखे, त्रिकोणी, सगळे झाले. जिथे जशी गरज आणि जसा खिसा, तसा आकार. तेव्हा आपणही आकाराच्या मोहात न पडता आपली गरज आणि आपला खिसा पाहावा.

परदेशी खूळ?

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण ज्या पेटीच्या बाजूने हा आक्षेप घेतला जातो, ती पेटीही युरोपातूनच आली. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींना न्याय देत नाहीत, असे म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. ती उठायला १९७१ साल उजाडले. दरम्यान पेटी आपल्या घराघरात, भजनी मंडळात आणि संगीत नाटकाच्या पुढ्यात जाऊन बसली होती. गोविंदराव टेंब्यांची पेटी परकी होती असे आज कोण म्हणेल? ज्या हवाईहून युकुलेले आले, त्याच हवाईची मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार आपल्या कलावंतांनी इतकी आपलीशी केली, की १९९४ मध्ये पंडित विश्वमोहन भट्टांना मोहनवीणेसाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. वाद्याचा जन्म कुठे झाला याला महत्त्व नाही. त्यावर आपण काय वाजवतो, याला आहे.

आणि वाजवायला आपले पुष्कळ आहे. युकुलेलेच्या चार तारा सर्वसाधारणपणे पाश्चात्त्य जी, सी, ई, ए या स्वरांत लावतात. आता पांढरी एक हा षड्ज धरा, म्हणजे त्याच तारा झाल्या प, सा, ग, ध. चारही एकाच सप्तकातल्या, कारण यातली पहिली तार गिटारसारखी खर्जात नसते, उंच असते. भूप रागाच्या पाच स्वरांपैकी चार तर मोकळ्या तारांवरच मिळाले! राहिला रिषभ, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर आहे. तार षड्ज हवा असेल तर ध च्या तारेवर तिसरा पडदा. म्हणजे पाचवीतले मूल पहिल्या आठवड्यात भूपाचा आरोह-अवरोह वाजवू शकते. शेजारशेजारच्या प आणि सा या दोन तारा नुसत्या छेडत राहिले तर प्रार्थनेला तानपुऱ्यासारखी साथ होते. मुलांचा सूर काळी एकचा असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा लावावा, काम झाले.

अर्थात याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पडदे पक्के बसवलेले असल्यामुळे मींड, आंदोलन, श्रुतींचे बारकावे यात येणार नाहीत. आवाज लहान आहे. गायनाच्या गंभीर शिक्षणाला तानपुरा आणि गुरूचा गळा यांना पर्याय नाही. युकुलेले पेटीच्या जागी येत नाही, ते पेटीच्या शेजारी येऊन बसते. पेटी शिबिराच्या डोंगरावर नेता येत नाही, आणि एका पेटीवर एका वेळी एकच मूल बसते. तिथे युकुलेले उपयोगी पडते.

गिटार हवी म्हणणाऱ्या मुलांनाही एक सांगतो. गिटारला सहा तारा. त्या पोलादी असल्या तर लहान बोटांना पहिल्या महिन्यात घट्टे पडतात आणि काही मुले गळतात. युकुलेलेच्या नायलॉनच्या तारा मऊ असतात. सी हा सूरमेळ एका बोटाने वाजतो, ए मायनरही एका बोटाने, एफ दोन बोटांनी आणि जी सेव्हन तीन बोटांनी. या चार मेळांवर कितीतरी साधी गाणी निघतात. शिवाय युकुलेलेवर बसवलेली बोटे पुढे गिटारवर जवळपास तशीच चालतात. हा गिटारच्या वाटेवरचाच टप्पा आहे.

गोल आकाराचे फायदे-तोटे

आता मुद्द्याचे. गोल पोट आपल्याला नवे नाही. भोपळ्याची एकतारी, पोवाड्याच्या साथीचे तुणतुणे, दिमडी, हलगी, सगळी गोलच. गोल युकुलेले आटोपशीर असते, शिबिराच्या पिशवीत कपड्यांमध्ये मावते, आणि नाजूक कंबर नसल्यामुळे धक्का बसून तिथे सांधा उकलण्याची भीती नाही. हे त्याचे गुण.

दोष असे. पहिला, कंबर नसल्यामुळे ते मांडीवर टेकत नाही, घसरते. मूल डाव्या हाताने मान सावरत बसते आणि मग पडदे दाबायला तो हात मोकळा राहत नाही. म्हणून गोल युकुलेलेला पट्टा अडकवायची गुंडी असलीच पाहिजे. दुसरा, पोट लहान म्हणजे आतली हवा कमी. त्यामुळे सा ची जाड तार अनेकदा दबकी वाजते. तिसरा, पोट हलके आणि डोके जड झाले तर वाद्य सारखे खाली झुकते. चौथा, कातडे ताणलेल्या बँजोच्या जातीच्या युकुलेलेचा आवाज मैदानावर छान पोचतो, पण चाळीस मुलांच्या वर्गात तो कल्लोळ होतो. त्यात खरे कातडे असेल तर आपल्या पावसाळ्यात ते सैल पडणार, सूर उतरणार. तसे घ्यायचेच असेल तर कृत्रिम पडद्याचे घ्यावे. शिवाय त्याच्या लोखंडी कड्या-स्क्रूंमुळे ते लहान मुलाला जड होते.

तेव्हा आमचे मत असे: वर्गासाठी नेहमीच्या आकाराची, आणि शिबिरासाठी लाकडी पोटाची दोनच गोल युकुलेले आधी घ्यावीत. ती वर्षभर टिकली, मुलांच्या हाती बसली, तर पुढे वाढवावीत.

दुकानात काय पाहावे?

पालकहो, पुढील गोष्टी पाहायला संगीत येण्याची गरज नाही. फक्त घाई करू नये.

एक, खुंट्या. घासून बसणाऱ्या साध्या खुंट्यांपेक्षा दाते असलेल्या, पिळाच्या खुंट्या घ्याव्यात. मुलांना सूर लावणे सोपे जाते आणि तो टिकतो.

दोन, तारांची उंची. तार बाराव्या पडद्यापाशी सुमारे अडीच ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उंच असेल तर दाबताना बोट दुखेल. उंची फार कमी असेल तर तार पडद्यांवर खरखरेल. डोक्याजवळच्या पट्टीच्या खाचाही उथळ नसाव्यात. उथळ असल्या तर पहिल्या पडद्यावर दाबताना जोर लागतो आणि सूर चढतो.

तीन, सुराचा खरेपणा. ही सर्वांत मोठी परीक्षा. प्रत्येक तार मोकळी वाजवा, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. दुसरा सूर पहिल्याचाच बरोबर वरच्या सप्तकातला आला पाहिजे. मोबाईलवर सूर दाखवणारे मोफत ॲप असते, त्यावर सहज कळते. हा सूर चुकत असेल तर पडदे किंवा घोडी चुकीच्या जागी बसली आहे. असे वाद्य कितीही लावले तरी बेसूरच वाजणार. ते फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण मुलाचा कान बिघडतो आणि दोष मुलाच्या माथी येतो.

चार, पडद्यांची टोके. मानेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. टोचले, ओरखडले, तर दुसरे मागा.

पाच, लाकूड. अखंड लाकडाच्या वाद्याचा आवाज गोड असतो, पण वडोदऱ्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. अशा हवेत अखंड पातळ लाकूड तडकते. शाळेसाठी थरांचे, म्हणजे प्लायचे लाकूडच बरे. स्वस्तही पडते.

सहा, लांबी. सर्वांत लहान सोप्रानो सुमारे २१ इंच, त्यापेक्षा मोठे कॉन्सर्ट सुमारे २३ इंच. पाचवी-सहावीला सोप्रानो ठीक. मोठ्या मुलांच्या बोटांना कॉन्सर्टच्या पडद्यांत जागा जास्त मिळते.

सात, तारा नायलॉनच्या किंवा तत्सम मऊ असाव्यात. "लवकर तुटतात" म्हणून कुणी पोलादी तारा चढवायला सांगितल्या तर ऐकू नये. नायलॉनसाठी बनवलेल्या घोडीला तो ताण सोसत नाही, ती उखडते. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात आणि सूर सारखा उतरतो. तो वाद्याचा दोष नाही. रोज लावत राहावे, बसतात.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

आता खर्चाचे गणित. समजा, चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक पालकाने नऊशे रुपयांचे युकुलेले आणायचे ठरवले. एकूण खर्च छत्तीस हजार. पण या किमतीत बहुधा खेळणे मिळते; वरच्या सात कसोट्यांतली तिसरी क्वचितच उतरते. चाळीस वाद्ये चाळीस सुरांत वाजणार आणि दोन महिन्यांत माळ्यावर जाणार. त्यात ज्या पालकाला नऊशेही जड आहेत, त्याचे मूल हात बांधून बसणार, आणि ज्याला परवडते तो पाच हजारांचे आणून मिरवणार.

त्याऐवजी शाळेने तीन हजारांपर्यंतची दहा वाद्ये पारखून घेतली तर खर्च तीस हजार. चार मुलांत एक वाद्य: एकाने वाजवायचे, एकाने ताल धरायचा, दोघांनी गायचे, मग पाळी बदलायची. संगीत शिकण्याची ही पद्धत काही वाईट नाही. ऐकायला शिकणे हा संगीताचा अर्धा भाग आहे. उरलेल्या सहा हजारांत जाड पिशव्या, राखीव तारा आणि, विश्वस्तांनो, आपल्या जुन्या पेटीचा फाटलेला भाता दुरुस्त करून घ्यावा. नवे वाद्य येताना जुने अडगळीत जाता कामा नये.

ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे शनिवारी ही वाद्ये घरी नेण्याची मुभा असावी. वहीत नोंद, सोमवारी परत. घरी नेताना दोनच नियम: बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवायचे नाही, कारण उष्णतेने सरस सुटतो, आणि शिबिरात शेकोटीजवळ टेकवायचे नाही. सुटीत ठेवताना तारा किंचित सैल कराव्यात.

हे सारे कशासाठी?

आपण वडोदऱ्यात राहतो. या शहरात १८८६ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. संगीत म्हणजे दरबाराची आणि घराण्यांची मिरास, असा तो काळ. अशा काळात सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसवून, स्वरलेखनाच्या आधारे संगीत शिकवण्याची कल्पना इथे रुजली. त्याच महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शिक्षण असो की संगीत, ते ऐपतीवर अवलंबून नसावे, हा धडा आपल्याला या मातीतच मिळालेला आहे.

आज मराठी माध्यमाचे वर्ग लहान होत चालले आहेत, हे आपण सर्व जाणतो. शेजारच्या मोठ्या शाळांत पियानोची खोली असते, गिटारचे मास्तर येतात, आणि त्याची वेगळी फी असते. आपण त्यांची बरोबरी करायला जाऊ नये, आणि तिथे आहे म्हणून आपल्याकडेही हवे, असेही म्हणू नये. पण आपल्या मुलांनी मराठी गाणी, मराठी प्रार्थना, आपले भूप आणि दुर्गा स्वतःच्या हाताने वाजवावेत, शिबिराच्या रात्री मोबाईलवरचे गाणे न लावता स्वतः साथ करून म्हणावेत, एवढी अपेक्षा धरायला हरकत नसावी. मुलांना भाषा पुस्तकातून येते, तशी गाण्यातूनही येते, आणि गाण्यातून आलेली सहसा विसरत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती: युकुलेलेचा खर्च पालकांवर वाटून टाकू नये, शाळेच्या खात्यातून करावा. खरेदीला संगीत शिक्षकांबरोबर दोन पालकांना न्यावे आणि वरील कसोट्या लावूनच बिल फाडावे. देणगी देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वस्तू न देता रक्कम द्यावी, म्हणजे सगळी वाद्ये एका मापाची राहतील. आणि विद्यार्थी मित्रांनो, वाद्य येईपर्यंत थांबू नका. भूपाचे पाच स्वर आत्तापासून गळ्यात बसवा. गळ्यात असलेले बोटांत यायला वेळ लागत नाही.

या विषयावर पालकांची वेगळी मते असतील तर ती वर्गशिक्षकांकडे लेखी द्यावीत. विरोधी मतांनाही पुढच्या अंकात जागा देऊ.